दिवाळे जेट्टीवरच्या त्या काकांचे आणि दादाचे मनापासून आभार

रविवारी पहाटे आमच्या होडीचं मशीन काही केल्या चालू होईना, एक सिलिंडरचं हँडलवालं डिझेल मशीन, मी आणि भाऊ हँडल मारून मारून घामाघूम, ओहोटी लागलेली आणि बाबा नुसते पाण्याकडे बघत बसलेले. बाजूच्या होडीवरचे एक काका आणि त्यांच्यासोबतचा दादा न बोलवता आले. काकांनी एवढंच विचारलं, धूर येतोय का? नाही म्हटलं तर म्हणाले, मग डिझेल आतच जात नाहीये, उगाच हात तोडू नका. फिल्टर खोलला तर तळाला पाणी! तो साफ केला, एअरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल सोडलं, मग नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपचा नट ढिला करून हँडल फिरवलं तर तिथेही आधी फेसच. दादाने समजावलं की लाइनमधली हवा दाबली जाते म्हणून प्रेशर बनत नाही आणि नोझल उघडतच नाही. नट टाइट केला, सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर उचलून हँडलला वेग दिला, लिव्हर सोडला आणि मशीन धडधडलं!

पैसे घेतले नाहीत, चहालाही थांबले नाहीत, नावं विचारायची राहूनच गेली. काका, दादा, बाबा त्या दिवशी हसले ते तुमच्यामुळे, खूप खूप आभार.