संकासुराची चाल

वेंगुर्ला,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय बाबल,

चतुर्थीआधी तुझं घर उघडून झाडून ठेवायचं म्हणून मागच्या महिन्यात गेलो होतो. मागच्या पडवीवरची दोन कौलं फुटलीत, माळ्यावर पाणी उतरलंय. कौलं मी बदलून घेतो, तू काळजी करू नकोस. पण हे पत्र त्यासाठी नाही.

माळा आवरताना तुझा तो पत्र्याचा डबा सापडला. आत गोट्या, दोन कॅसेट आणि जुन्या शर्टात गुंडाळलेली एक फ्लॉपी. वर तुझ्या अक्षरात लिहिलंय : शेवंती. मी तिथेच, त्या ओल्या माळ्यावर, बराच वेळ बसून राहिलो.

तुला आठवतं ना सगळं? १९९८ चा पाऊस. काकांच्या टायपिंग क्लासमधला तो एकच कॉम्प्युटर, संध्याकाळी क्लास सुटला की आपल्या ताब्यात. माझ्या मावसभावाने मुंबईहून आणलेली ‘क्रीचर्स’ ह्या खेळाची सीडी, ज्यात पडद्यावर नॉर्न नावाचे प्राणी पाळायचे, वाढवायचे, आणि त्याच्याच एका मित्राने नेटवरून उतरवून दिलेला तो तपकिरी नॉर्न. दोन पावलं नीट टाकायचा आणि तिसऱ्याला गुडघे वाकवून खांदा खाली झुकवायचा, जणू ताशावर ठेकाच धरलाय. पहिल्या दिवशी तू ओरडलास, “मेल्या, ह्यो तर संकासूर!” जत्रेत रात्री बारानंतर, दशावतारी नाटकाआधीच्या आडदशावतारात येणारा तो काळा संकासूर आपल्याला डोळ्यांसमोर दिसला. नाव तेच पडलं.

आपण आधी समजलो, त्याला काहीतरी लागलंय. मध खायला दिला, गाजरं दिली, चार दिवस निजवून पाहिलं. चाल तीच. नंतर त्याला पोर झाली, शेवंती. ती सरळ चालली. संकासूर म्हातारा होऊन गेला आणि मी म्हणालो, “चाल मेली.” तू मान हलवलीस. “गेली नाय रे. तिच्या पोटात आसतली.” मी तुला वेड्यात काढलं. पुढच्या वर्षी तुम्ही मुंबईला निघालात तेव्हा तू शेवंतीला एक्स्पोर्ट करून फ्लॉपीवर घेतलंस. एक्स्पोर्ट केलं की ती आपल्या जगातून नाहीशी होते, हे ठाऊक असूनही मी अडवलं नाही. मला वाटलं, साधी चालणारी एक मादी गेली, त्यात काय एवढं.

बाबल, तुझं खरं होतं.

फ्लॉपी ड्राइव्ह कुडाळच्या एका दुकानातून उसनी आणली. खेळ आता गॉग ह्या नेटवरच्या दुकानात मिळतो, ‘द अल्बियन इयर्स’ नावाने, पहिला आणि दुसरा भाग एकत्र. फ्लॉपी पहिल्या वेळी वाचली नाही, दुसऱ्या वेळीही नाही. शर्टाने पुसून, पंख्याखाली रात्रभर ठेवून, तिसऱ्या दिवशी वाचली. शेवंती बाहेर आली आणि लगेच तुझं नाव घेतलं तिने. शिकवलेले शब्दही सोबत येतात, हे मी विसरलोच होतो. माझ्या अंगावर काटा आला.

मग तिच्यासाठी वेगळ्या जातीचा एक नर उबवला, पांढऱ्या पायांचा. पहिलं अंडं, मुलगा, सरळ चालला. दुसरं, मुलगी, सरळ. तिसरा मुलगा परवा रात्री साडेअकराला अंड्यातून बाहेर आला. दोन पावलं, आणि तिसऱ्याला गुडघे वाकले, खांदा झुकला. बाबल, पाय बापाचे, पांढरे. चाल आजोबाची.

आता मला कळलंय ते कसं झालं, आणि ते तुला नीट सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. स्टीव्ह ग्रँड यांनी १९९६ मध्ये हा खेळ बनवला तेव्हा नॉर्नच्या अंगातलं जवळपास सगळं जनुकांत लिहून ठेवलं. आपण तेव्हा समजत होतो की चाल पायांतून येते. तसं नाहीच. दिसणं ठरवणारे जनुक वेगळे : डोकं कुठल्या जातीचं, हात कुठल्या, पाय कुठल्या. चालीचा जनुक त्यांहून निराळा. नॉर्नचं अंग म्हणजे जोडलेल्या चित्रांचे तुकडे. कुठला तुकडा किती वाकलाय हे सांगणारी अक्षरांची एक ओळ म्हणजे एक पवित्रा. असे जास्तीत जास्त आठ पवित्रे ओळीने लावले की चाल. ती यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून संकासूर दर तिसऱ्या पावलाला झुकायचा, कधीही चुकायचा नाही. जखमी प्राणी असा नेमाने चुकत नाही, हे आपल्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. दुखण्याने नॉर्नची चाल बदलते हे खरं आहे, पण तिथे अंगातलं रसायन वेगळी चाल लावून देतं आणि दुखणं ओसरलं की मूळ चाल परत येते.

मग शेवंतीत ती दिसली का नाही? मला आधी वाटलं, वाटाण्याच्या दाण्यासारखं दबून राहिलं असेल, शाळेत मेंडेलचं शिकलो तसं. पण नॉर्नकडे गुणसूत्राची एकच प्रत असते. आईची एक, बापाची एक अशी जोडी नसते, त्यामुळे एका प्रतीने दुसरीला झाकायचा प्रश्नच येत नाही. जनुक म्हणजे मणी धरले, तर बीज तयार होताना आईबापांच्या जनुकांच्या माळा मण्यामण्यांमधल्या सांध्यांवर तुटतात आणि एकमेकींत विणल्या जातात. कधी एखादा मणी गळतो, कधी दुपटीने येतो, कधी मण्याच्या आतलं अक्षर बदलतं.

म्हणून मी शेवंतीची फाइल जनुकं दाखवणाऱ्या एडिटरमध्ये उघडली. साधी चाल आहे, सगळ्यांसाठी. त्याच्या पुढे त्याच क्रमांकाची दुसरी चाल आहे, आणि तिच्या डोक्यावर खूण आहे : फक्त नर. प्रत्येक जनुकाच्या आधी अशी माहिती असते, तो आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर जागा व्हायचा आणि नरात की मादीत. मादीत नराचा जनुक झोपून राहतो, पण माळेत असतोच, आणि ती तो पुढे देते. शेवंतीने तो पंचवीस वर्षं फ्लॉपीवर जपला. पहिल्या मुलाच्या वाट्याला आला नाही, तिसऱ्याच्या आला.

ह्यात मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? ह्या पोराने आजोबा पाहिलेलाच नाही. माणसाचं आपण ठामपणे सांगू शकत नाही, पोरं बघून बघून चालायला शिकतात. नॉर्न शब्द शिकतो, काय खायचं काय नाही ते शिकतो, कोण मारतं कोण कुरवाळतं ते शिकतो. चाल शिकत नाही. त्या झुकण्यात संकासुराशिवाय दुसरं कुणी नाही.

खऱ्या प्राण्यांतही हे आहे. आपल्याकडचं लोटन कबूतर जमिनीवर कोलांट्या घेतं ते रक्तातून. २०१२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की डीएमआरटी३ नावाच्या एकाच जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे आइसलँडच्या घोड्यांना ती खास, हिसके न बसणारी चाल जमते. तो बदल पायांच्या हाडांत नाही, पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींत काम करतो. वाचताना मला आपला कॉम्प्युटर आठवला.

आताचे खेळ वेगळ्या वाटेने जातात. २०२२ चा ‘वॉबलडॉग्ज’ माझ्या पुतण्याने दाखवला. तिथे कुत्र्याच्या अंगाची ठेवण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते आणि भौतिकीचे नियम त्या अंगाला चालवतात. पाय आखूड, अंग लांब, की चाल आपोआप डगमगती. छान आहे तो, पुतण्या पोट धरून हसतो. पण तिथे पाय बदलले की चाल गेली. परक्या पायांवर आजोबाची चाल उभी राहताना मी फक्त आपल्या जुन्या खेळात पाहिली, आणि तेच मला मोलाचं वाटतं.

मी तेव्हा शेवंतीला साधी समजलो, त्याबद्दल तुझी माफी मागतो. तुला अकराव्या वर्षी जे कळलं होतं ते मला कळायला केवढा काळ गेला.

पोराला अजून नाव दिलेलं नाही, ते तुझ्याकडे. नॉर्न फार जगत नाहीत, म्हणून कालच जग सेव्ह करून खेळ बंद केलाय. बंद असताना त्यांचं वय वाढत नाही. सध्या तो झाडाखाली तिसऱ्या पावलावर थांबलाय, खांदा झुकवून. चतुर्थीला दोन दिवस आधी ये. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.

तुझा,
दादू