फुलांच्या छायाचित्राखाली नाव, ठिकाण आणि तारीखही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माघ सरत आला की आपल्या दैनिकात वाचकांनी पाठवलेली फुलांची छायाचित्रे प्रसिद्ध होऊ लागतात. पळस, पांगारा, काटेसावर, मग चैत्र-वैशाखात बहावा आणि ताम्हण अशी ही रांग उन्हाळाभर चालू असते आणि मी ती दरवर्षी आवर्जून पाहतो. मात्र बहुतेक छायाचित्रांखाली ‘वसंताची चाहूल’ किंवा ‘निसर्गाची किमया’ एवढीच ओळ असते. झाड कोणते, ते कुठल्या गावात किंवा टेकडीवर आहे आणि छायाचित्र कोणत्या दिवशी काढले, याचा काहीच पत्ता लागत नाही. छायाचित्रकाराच्या नावाबरोबर या तीन गोष्टीही छापण्याची पद्धत आपण सुरू करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी नावाविषयी. हिवाळा संपताना पुण्याच्या टेकड्यांवर निष्पर्ण फांद्यांना फिकट गुलाबी फुलांचे तुरे लगडतात आणि त्यांची छायाचित्रे ‘पुण्यातला चेरी ब्लॉसम’ म्हणून मोबाइलवर घरोघर फिरतात. हे झाड चेरीचे नाही. ते मध्य अमेरिकेतून आलेले ग्लिरिसिडिया, म्हणजे आपल्याकडची उंदीरमारी किंवा गिरिपुष्प. त्याचे एक फूल जवळून पाहिले तर ते वाटाण्याच्या फुलासारखे दिसते. चेरीच्या मोकळ्या, गोल, पाच पाकळ्यांशी त्याचे काहीच साम्य नाही. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गालगत जो गुलाबी बहर पाहायला लोक गाड्या थांबवतात, तो टॅबेबुयाचा. त्याची फुले कर्ण्यासारखी असतात. तोही परदेशीच, पण झाड निराळे. हा नुसता नावाचा काथ्याकूट नव्हे. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून ग्लिरिसिडिया मोठ्या प्रमाणावर लावला गेला आणि त्याच्याखाली आपले गवत व झुडपे नीट वाढत नाहीत, अशी टेकड्यांवर काम करणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्याला चेरी म्हणून आपण नुसते हरखून गेलो, तर तो तिथे कसा आला हा प्रश्न कुणाला पडणारही नाही. कुसुंबाची कोवळी लालभडक पालवीही कित्येकदा ‘फुले’ म्हणून खपून जाते.

तारखेचे महत्त्व मला याहून अधिक वाटते. पंचांगाप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखाचा; पळस आणि सावर मात्र माघ-फाल्गुनातच, शिशिरात पाने झडलेल्या फांद्यांवर फुलतात. तेव्हा ‘वसंतातील पळस’ एवढ्या ओळीवरून तो कधी फुलला हे कळणे शक्य नाही. जपानमधील क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या मिळतात. राजदरबारातल्या आणि इतरांच्या रोजनिशांमध्ये फुलांच्या मेजवानीचा दिवस लिहून ठेवलेला होता, एवढ्यावरून अभ्यासकांना ही मालिका जुळवता आली. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला तिथे पूर्ण बहर आला, तेव्हा तो तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा आहे, हे ठामपणे सांगता आले. आपल्याकडे बहावा फुलल्यावर अमुक दिवसांनी पाऊस येतो, असे जुनी माणसे सांगतात. ते खरे की खोटे हे पडताळायचे तर त्या त्या गावातली, त्या त्या वर्षीची बहाव्याची तारीख हाताशी हवी. झाडांच्या पालवी-फुला-फळांच्या नोंदी नागरिकांकडून आणि शाळकरी मुलांकडून गोळा करणारा ‘सीझनवॉच’सारखा उपक्रम देशात चालू आहे, पण वर्तमानपत्र जिथे पोहोचते तिथपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

माझ्या वडिलांकडे रोलचा साधा कॅमेरा होता. छत्तीस छायाचित्रांचा एक रोल घरातली लग्नकार्ये सांभाळून वर्षभर पुरवावा लागे, तरी त्यातली दोन-तीन ते दरवर्षी फुलांसाठी राखून ठेवत. धुऊन आलेल्या प्रत्येक प्रतीच्या पाठीवर ते शिसपेन्सिलीने झाडाचे नाव, जागा आणि दिवस लिहीत. त्या प्रतींमधला पळसाचा भगवा रंग आता विटून तपकिरी झाला आहे, पण पाठीवरची अक्षरे स्पष्ट वाचता येतात. आज मोबाइल प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख आणि बहुधा ठिकाणही आपोआप साठवतो. मात्र तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पुढे गेले की ही माहिती गळून पडते. म्हणून ती वाचकाकडून शब्दांत लिहून घेणे गरजेचे आहे.

छायाचित्र काढणाऱ्यांनाही एक सुचवावेसे वाटते. एका फुलाच्या सुंदर चौकटीबरोबर संपूर्ण झाडाचे एक, खोडाचे एक आणि पान किंवा शेंग असल्यास तिचेही एक छायाचित्र काढून ठेवावे. पळसाला त्या दिवसांत पाने नसतात, त्यामुळे खोड आणि फांदी यांवरूनच खात्री करावी लागते. पळसाचा आणि पांगाऱ्याचा तांबडा-भगवा रंग दुपारच्या उन्हात मोबाइलच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. पाकळीवरच्या शिरा जाऊन नुसता सपाट डाग उरतो. सकाळी लवकर जावे, पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा, म्हणजे पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी आणि तिच्यावरची बारीक लव दिसू लागते. पळसाला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, हे नाव ज्याने ठेवले त्याने हे फूल किती जवळून पाहिले असेल, हे तेव्हा कळते.

जवळून पाहणे म्हणजे तोडून हातात घेणे मात्र नव्हे. गेल्या फाल्गुनात आमच्या घराजवळच्या टेकडीवर काही तरुणांनी मागे निळे आकाश यावे म्हणून पळसाची एक फांदी मोडून उंच धरली होती. काम झाल्यावर ती पायवाटेवर टाकून ते निघून गेले. मी ती उचलून पाहिली. उमललेली फुले जेमतेम सात-आठ होती. बाकी सगळ्या काळपट मखमली निदलपुंजातून, म्हणजे कळीच्या देठाकडच्या वाटीतून, नखाएवढ्या डोकावणाऱ्या कळ्या. झाडावर उरलेल्या मोडक्या फांदीच्या खुंटाशी एक शिंजीर दोनदा येऊन बसला आणि उडून गेला. मैना, बुलबुल, शिंजीर हे पक्षी मधासाठी पळसावर येतात आणि त्यांच्याकडून परागीभवन होते. त्या कळ्यांतून एकही शेंग धरणार नव्हती. त्यामुळे तोडलेल्या फुलांची किंवा फांद्यांची छायाचित्रे आपण प्रसिद्ध करू नयेत आणि तसे सदराच्या सूचनेत स्पष्ट लिहावे, हीदेखील विनंती आहे.

सदरासाठी जागा थोडी असते, याची मला जाणीव आहे. पण ‘रंगांची उधळण’ या दोन शब्दांच्या जागेत ‘पांगारा, भोर, २० फेब्रुवारी’ सहज मावते. अशा ओळी दहा वर्षे छापल्या गेल्या, तर आपल्या जुन्या अंकांतून एखाद्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रातल्या बहराचा तक्ता मांडता येईल. सोबत आमच्या टेकडीवरील पळसाचे या वर्षीचे छायाचित्र पाठवीत आहे. जागेअभावी माझे नाव गाळावे लागले तरी हरकत नाही. झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख मात्र अवश्य छापावी.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे