दोसांझ लिबरल मुख्यमंत्री? कधी?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या राजकीय पक्षांवरचा आपल्या कालच्या पुरवणीतला लेख मी वाचायच्या आधी सांगलीच्या मेहुण्याने वाचला. फॅमिली ग्रुपवर कात्रण टाकून खाली लिहिलं, 'भावजी, २०२४ ला तुमच्या लिबरलांचं पानिपत झालं म्हणे, आम्हाला बोलला नाहीत!' मी याच प्रांतातल्या सरे शहरात राहतो, त्या निवडणुकीत मतदानही केलंय. मतपत्रिकेवर लिबरल पक्ष नव्हताच, तर त्याचं पानिपत कुणी केलं? आणि लेखात उज्जल दोसांझ यांना लिबरल मुख्यमंत्री म्हटलंय, त्यावर पुढे येतोच.

लेखक विद्वान असतील, शंका नाही. पण प्रांताची राजधानी व्हिक्टोरियातले पक्ष म्हणजे देशाची राजधानी ओटावातल्या पक्षांच्या जिल्हा शाखा, असं धरून त्यांनी अख्खं पान भरलंय. एनडीपी, म्हणजे डावीकडे झुकणारी न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, तिच्यापुरतं ते चालून जाईल, तिथे प्रांत आणि केंद्र एकच सभासदत्व. लिबरलांनी मात्र १९८०च्या दशकातच ओटावाशी काडीमोड घेतला होता. नंतर इथे लिबरल म्हणून जो पक्ष सोळा वर्षं सत्तेत होता, त्यात केंद्रात कन्झर्व्हेटिव्हांना मत देणारे ढीगभर होते. त्याचा केंद्रातल्या लिबरल ट्रुडोंशी संबंध जोडणं म्हणजे धन्य आहे.

इथली खरी गंमत एकच: एनडीपीला रोखायला उरलेल्यांनी कोणत्या पाटीखाली जमायचं? १९४१ मध्ये लिबरल आणि कन्झर्व्हेटिव्ह एकत्र आले, ते सीसीएफला, म्हणजे एनडीपीच्या पूर्वजाला, दूर ठेवायला. १९५२ला पसंतीक्रमाने मतदानाची पद्धत आणली. हेतू असा, की आपले मतदार दुसरी पसंती एकमेकांना देतील. करायला गेले गणपती, झाला मारुती. मतदारांनी पसंती दिली सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्याच पक्षाला. त्याला १९ जागा, सीसीएफला १८. डब्ल्यू. ए. सी. बेनेट मुख्यमंत्री झाले ते थेट १९७२पर्यंत. १९५३ला याच पद्धतीने बहुमत मिळवलं आणि मग ती पद्धतच गुंडाळून ठेवली! पुढे त्यांचा मुलगाही मुख्यमंत्री. (घराणेशाही फक्त आपल्याकडेच, असं समजणाऱ्यांसाठी सांगितलं.) लेखात सोशल क्रेडिटचा उल्लेख किती? अर्धं वाक्य. १९९१ला हा पक्ष ७ जागांवर आला, मग संपला. त्याची जागा लिबरलांनी घेतली. त्यांनी २०२३ला नाव बदलून बीसी युनायटेड केलं, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, मतदान दोन महिन्यांवर आलेलं असताना, पक्षाचे नेते केव्हिन फाल्कन यांनी प्रचारच थांबवून कन्झर्व्हेटिव्हांना पाठिंबा दिला. त्या कन्झर्व्हेटिव्हांचे तेव्हाचे नेते जॉन रस्टॅड म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधी याच फाल्कननी पक्षातून काढलेले गृहस्थ. मेहुण्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, 'हे तर आपल्याकडच्यासारखंच.' मी फोन ठेवला.

पण माझा राग वेगळ्याच ओळीवर आहे. 'लिबरल पक्षाचे उज्जल दोसांझ हे प्रांताचे पहिले भारतीय वंशाचे मुख्यमंत्री.' अहो, दोसांझ फेब्रुवारी २०००मध्ये मुख्यमंत्री झाले ते एनडीपीचे. २००१ला त्यांना पाडलं ते लिबरलांनी, ७९ पैकी ७७ जागा घेऊन. दोसांझांची स्वतःचीही जागा गेली. ते लिबरल झाले ते नंतर, २००४मध्ये, तेही ओटावात, आणि तिथे आरोग्यमंत्री झाले.

या माणसाच्या बाबतीत आपल्या वृत्तपत्राचं काहीतरी बिनसलेलंच आहे. २०००मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा मी आपल्याला पत्र लिहिलं होतं. ज्या प्रांतात १९०७ ते १९४७ भारतीयांना मतदानाचा हक्कच नव्हता, तिथे जालंधर जिल्ह्यात जन्मलेला माणूस मुख्यमंत्री झाला, एवढंच त्यात होतं. पत्राला आपण मथळा दिलात, 'भारतीय वंशाचे दोसांझ कॅनडाचे पंतप्रधान'. खाली माझं नाव. कराडला वडिलांनी ते कात्रण खिशात घालून गावभर फिरवलं. बँकेत, न्हाव्याकडे, कृष्णाबाईच्या घाटावर. शेवटी एका निवृत्त भूगोलाच्या मास्तरांनी चारचौघांत विचारलं, 'मग ते क्रेत्येन कोण?' तेव्हाचे खरे पंतप्रधान तेच. वडील मला फोनवर म्हणाले, 'परदेशात राहून तुला तिथला पंतप्रधान माहीत नाही?' मजकूर नीट वाचा, मथळा माझा नाही, हे मी परोपरीने सांगितलं. छापलेलं खोटं कसं असेल, हा त्यांचा प्रश्न. दुरुस्ती छापा म्हणून आपल्याला लिहिलं, ती आली नाही. वडील गेले, मास्तरही गेले, कात्रण आईने लॅमिनेट करून ठेवलं होतं ते अजून आहे.

तेव्हा यावेळी तरी दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर एवढंच छापा: दोसांझ, मुख्यमंत्री, एनडीपी. आणि २०२४चा निकाल एनडीपी ४७, कन्झर्व्हेटिव्ह ४४, ग्रीन २. आमच्या सरेतल्या गिल्डफर्डची जागा फेरमोजणीनंतर २२ मतांनी ठरली आणि तिच्यावरच एनडीपीचं बहुमत उभं राहिलं. लेखात हे कुठेच नाही. टिम हॉर्टन्सच्या कॉफीचं वर्णन मात्र सविस्तर आहे.

जाता जाता, आपल्या ई-पेपरची वर्गणी भरताना डॉलरचं कार्ड बिनबोभाट चालतं, पण लॉग-इनचा ओटीपी फक्त भारतीय नंबरवर येतो. म्हणून तो मेहुण्याच्या मोबाइलवर जातो, आणि त्यामुळे रोजचा पेपर आधी तो वाचतो. याचं काही करता आलं तर पाहावं.

कळावे,
आपला एक जुना वाचक, सरे, ब्रिटिश कोलंबिया