फिटच्या गोळ्या बाहेरून आणा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : उपजिल्हा रुग्णालयात अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) औषधे नसल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माझी मुलगी बारावीला आहे. सातवीत असल्यापासून तिला फिट येतात. औषधावर ती चांगली होती, वर्षभर एकही फिट नव्हती. गेल्या आठवड्यात सकाळी चहा ठेवताना ती गॅसपाशीच कोसळली. पातेले अंगावर आले. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला आहे. लिहायचा हात तोच, आणि परीक्षा फेब्रुवारीत.

हे का झाले, तर गोळ्या संपल्या होत्या. संपायच्या आधीच मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने केसपेपर बघितला, मागे वळून कपाटाकडे बघायचेही कष्ट घेतले नाहीत आणि पाठीमागे लिहून दिले, ‘बाहेरून घ्यावे’. मी उभाच राहिलो तेव्हा म्हणाला, "व्हॅल्प्रोएट आहे, ती नेता का? तीही फिटचीच." साहेब, हीच व्हॅल्प्रोएट डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम बंद करून तिला लेव्हेटिरासिटम या फिटच्याच दुसऱ्या गोळीवर आणले. मुलीची जात आहे, उद्या लग्न होईल, गरोदरपणात ती गोळी पोटातल्या बाळाला बाधते, असे त्यांनी आम्हा नवरा-बायकोला बसवून समजावले होते. औषधाच्या खिडकीवर मात्र फिटची गोळी म्हणजे फिटची गोळी. ताप आला की क्रोसिन, तसे. गावातल्या मेडिकलमध्ये तिला लागते त्या पॉवरची गोळी नव्हती. "मागवतो, परवा येईल," म्हणाले. परवा उजाडायच्या आत हात भाजला.

माझी पिठाची गिरणी आहे. डॉक्टरांनी मला समजावले ते माझ्या भाषेत असे : लाइट एकदम जास्त दाबाने आली की मोटार थडथडते आणि बंद पडते, तसे मेंदूतल्या पेशी एकाच वेळी वीज सोडू लागल्या की माणूस खाली पडतो. गोळी तो दाब धरून ठेवते. रक्तातले तिचे प्रमाण उतरले की धरण सुटते, आणि एकदम बंद झाली तर एकामागून एक फिट येत राहून जीवही जाऊ शकतो. पाच मिनिटांच्या पुढे फिट थांबली नाही तर ती आणीबाणी समजायची. हे मला, दहावी नापास माणसाला, पाठ आहे. तुमच्या खरेदी खात्याला नाही.

आता जरा आठवण करून देतो. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी, उपचार, सगळे मोफत, अशी घोषणा आपल्याच सरकारने केली. केसपेपरचे पैसे खरोखर बंद झाले, खोटे का बोलू. म्हणजे ‘बाहेरून घ्यावे’ हे लिहिलेला कागद आता फुकट मिळतो. महात्मा फुले योजनेचे कार्ड आहे, पाच लाखांचे. त्याचा उपयोग माणूस खाटेवर पडल्यावर. खाटेवर पडू नये म्हणून रोज जी गोळी लागते तिला ते कार्ड चालत नाही. आधी मुलीला आयसीयूत नेऊन दाखवायचे आणि मग सरकारने लाख रुपये भरायचे, असा हा हिशेब आहे. गोळ्यांचे महिन्याचे सात-आठशे होतात. तेवढ्यासाठी मला दीडशे किलो दळण दळावे लागते, लाइटबिल वेगळेच.

औषधखरेदी पूर्वी खाते करत होते, 2017 मध्ये ती हाफकिन या सरकारी औषध महामंडळाकडे गेली, 2023 मध्ये तिच्यासाठी वेगळे प्राधिकरण काढले. दर वेळी सांगितले, आता तुटवडा संपला. पाटी बदलली, कपाट तेच. त्याच 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 माणसे दगावली, त्यात नुकती जन्मलेली बाळे होती, तेव्हाही औषधे भरपूर आहेत असेच ऐकवले होते. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, आमच्या खात्याचे नव्हे, हे उत्तर कृपया पाठवू नका. मरणारा माणूस खाते विचारून मरत नाही.

आणि आम्ही काही दोन-चार घरे नाही. देशात एक कोटीच्या वर लोकांना अपस्मार आहे म्हणतात. आपल्या राज्याच्या वाट्याला त्यातले आठ-नऊ लाख तरी येतीलच, तुमच्याकडे खरा आकडा असेल तर छापा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळाले तर शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात. सत्तर! म्हणजे आमच्यासारख्या बहुतेक घरांचे दुखणे मेंदूत कमी आणि तुमच्या गोदामात जास्त आहे.

मी रात्री झोपत नाही. मधल्या खोलीत जरा खुट्ट झाले की उठून बघतो. पलंग काढून टाकला, गादी जमिनीवर. न्हाणीघराची कडी काढली, वयात आलेल्या पोरीला दार नुसते लोटून आंघोळ करावी लागते. मला बीपी लागले. कॉलेजात एकदा पडली तेव्हा कोणी चप्पल हुंगवली, कोणी दातांत चमचा घातला, दाताचा टवका उडाला. कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका, एवढी दोन वाक्येही तुमच्या खात्याने त्या कॉलेजपर्यंत पोचवली नाहीत. अपंगत्वाचा दाखला मागायला गेलो तर साहेब म्हणाले, चालते, बोलते, मग कसले अपंगत्व? 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, अपस्माराचे नाव नाही. लग्नाच्या कायद्यातून अपस्माराची आडकाठी 1999 मध्ये काढली, पण स्थळ बघायला येणारे कायदा वाचून येत नाहीत. मेहुणीच्या नणंदेने जमवत आणलेले मोडले, आणि वर माझ्या बायकोलाच ऐकवले की बाहेरचे काही बघितले का. बाहेरचे! एमआरआय झाला, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख झाला, तोही जिल्ह्याच्या गावी खासगीत, कारण सरकारी यंत्र आहे पण चालवणारा नाही.

मंत्री महोदय, तुम्हाला चक्कर आली तर तुम्ही आमच्या उपजिल्हा रुग्णालयात याल का? एखादा आमदार तिथे केसपेपर काढून रांगेत उभा आहे, हे मी आजवर पाहिलेले नाही. सगळे मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत. महामार्गाला पैसा आहे, दवाखान्याच्या दारावर तुमचे हसरे फोटो लावायला आहे, फोटोच्या मागच्या कपाटात ठेवायला नाही. हेच शाळेचे, हेच एसटीचे. आधी सरकारी वस्तू सडू द्यायची, मग म्हणायचे लोकच खासगीत जातात.

मागणे फार नाही. अपस्माराच्या सगळ्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ठेवा. संपलाच, तर त्याच दिवशी गावातून विकत घ्यायचा अधिकार तिथल्या अधीक्षकांना द्या, आणि बदली गोळी खिडकीवरच्या माणसाने ठरवू नये असे लेखी काढा. फिट थांबवणारा नाकातला स्प्रे 108 च्या प्रत्येक गाडीत हवा.

17 नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. तेव्हा तुमच्या खात्याचे पोस्टर येईल, जांभळी फीत वगैरे. यंदा ते छापू नका, त्या पैशाच्या गोळ्या घ्या. आणि या पत्रावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शिक्का मारून ते त्याच दवाखान्याकडे पाठवणार असाल, तर राहू द्या. साठा कधी येणार ती तारीख आणि खाली सही, एवढेच कळवा.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक गिरणीवाला