पिसवा अंगावर थोड्या, घरात फार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

"औषध घातले, आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा पिसवा झाल्या, म्हणजे औषधच नकली," ही तक्रार कुत्रा पाळणाऱ्या घरांतून नेहमी येते. मग महिन्याभरात दोन-तीन औषधे बदलली जातात, एकावर दुसऱ्याचा थर चढतो आणि त्याचा जाच मुक्या जनावराला होतो. बहुतेक वेळा औषध ठीक असते, पिसवा राहतात कुठे हेच लक्षात घेतलेले नसते.

कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा. घरातल्या एकूण पिसवांमध्ये त्यांचा वाटा साधारण पाच टक्के धरला जातो. बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोष असतात, आणि ते अंगावर नसून जमिनीवर असतात. मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला चाळीस-पन्नाससुद्धा. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा अंग झटकतो, उडी मारतो, झोपतो, तिथे ती गळतात. अळ्या उजेडापासून पळतात आणि गालिच्याच्या मुळाशी, फरशीच्या फटीत, सोफ्याच्या उशांखाली शिरतात. त्यांचे मुख्य खाद्य म्हणजे मोठ्या पिसवांची रक्ताळलेली विष्ठा, आणि तीही कुत्र्याच्या अंगावरूनच खाली पडते. पुढे अळी कोष विणते. कोष चिकट असल्याने त्यावर धूळ-केस बसतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही. फवारणीचे औषध त्याच्या आत पोचत नाही. ऊब, पावलांचा हादरा किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत पिसू आत महिनोन्महिने थांबू शकते. आठ-दहा दिवसांनी 'परत आलेल्या' पिसवा त्या याच.

मुळात पिसवा आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर आणि जांघेत कातडीला टेकवून फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकून मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. नुसती माती असेल तर तांबूस ओघळ येत नाही. फणीत जिवंत पिसू आली तर नखाने चिरडत बसू नका, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. अंगाला तोंड रोवून जागच्या जागी बसलेला किडा गोचीड असतो, त्याचा उपाय वेगळा.

घराची सफाई कुत्र्याच्या झोपायच्या जागेपासून सुरू करावी. अंथरूण उचलताना चारही कोपरे आत दुमडून गाठोडे करावे, नाहीतर अंडी वाटभर सांडतात. कापडाला सोसत असेल तर आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावे. व्हॅक्यूम क्लीनर पहिले दोन-तीन आठवडे शक्यतो रोज फिरवावा: पलंगाखाली, सोफ्याच्या खाचांत, भिंतीच्या कडेने. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर पडतात, हा मोठा फायदा. काम झाले की पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करावी. नुसत्या झाडूने फटीतली अंडी निघत नाहीत.

फवारणी करायचीच असेल तर मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अळ्यांची वाढ रोखणारा पायरीप्रॉक्सीफेन किंवा मेथोप्रीनसारखा घटक आहे का, ते लेबलवर पाहा. आधी सफाई, मग फवारणी. वाळेपर्यंत मुले आणि जनावरे बाहेर. माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवावा. लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतले, तर औषध पुसले जाते आणि मेहनत वाया जाते.

कुत्र्याच्या अंगावर लावायच्या औषधाचे थेंब केसांवर टाकणे ही सर्रास होणारी चूक. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे जीभ पोचत नाही, तिथे केसांचा भांग पाडून नळीचे टोक कातडीला टेकवावे. मात्रा वजनावर ठरते, मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत वाटू नये. बऱ्याच थेंबांच्या बाबतीत आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ टाळावी लागते, नेमके अंतर पाकिटावर असते. तोंडाने द्यायच्या गोळ्याही चांगल्या आहेत, पण कुत्र्याला फिट येत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला स्वतःच्या मनाने काहीही लावू नये, फणीच बरी. पिसवा खूप असतील तर रक्त कमी होऊन अशी पिल्ले दगावतात, तेव्हा हिरड्या पांढरट दिसल्या की डॉक्टरांकडे न्यायला थांबू नये.

घरात मांजर असेल तर पुढचे वाक्य कृपया दोनदा वाचा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते, नुकत्याच औषध लावलेल्या कुत्र्याला अंग घासले तरीसुद्धा. मांजरालाही पिसवांचा उपचार हवाच, पण तिच्यासाठीच्या वेगळ्या औषधाने.

रॉकेल चोळणे, डांबरगोळ्या ठेवणे, टी ट्री तेल लावणे, लसूण खाऊ घालणे हे उपाय लोक एकमेकांना प्रेमाने सांगतात. हे सगळे कुत्र्याला विषारी आहे. साबणाची अंघोळ मात्र निरुपद्रवी. पाणी पडताच पिसवा डोक्याकडे पळतात, म्हणून आधी गळ्याभोवती फेसाचे कडे करावे. अर्थात अंघोळीचा परिणाम त्याच दिवसापुरता असतो.

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी औषध द्यावे आणि किमान तीन महिने एकही मात्रा चुकवू नये. कोष पुरते संपायला एवढा वेळ लागतो. मधल्या काळात दिसलेली पिसू औषध निकामी झाल्याची खूण नाही. कोषातून नुकतीच निघून ती मरायला अंगावर चढलेली असते.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तिच्यातून हा जंत पोटात जातो. त्याचे औषध वेगळे. पिसवा शिल्लक असताना नुसते जंताचे औषध दिले, तर काही आठवड्यांत ते दाणे पुन्हा दिसतात.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक