काकूंचं आधीच ठरवून ठेव

प्रिय नंदू,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं फोन करण्यापेक्षा लिहूनच पाठवतो, फोनवर आपण दोघं भलतीकडेच जातो आणि हे असं आहे की ऐनवेळी तुला परत उघडून वाचता आलं पाहिजे. तू विचारलंस की आता कोविड म्हणजे सर्दीतापच झालाय, मग घरात कुणी खोकलं तर टेस्ट कशाला करत बसायची, आणि काकूंना परत लसीचा डोस द्यायचा का. तू एकटा राहत असतास तर मी म्हटलं असतं नको करूस, घरी पडून रहा, बाहेर जायचं तर मास्क लाव, झालं. पण काकू पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, संधिवाताची गोळी चालू आहे. त्यांची टेस्ट करायचीच आणि ती सुद्धा लगेच, कारण त्यांना उपयोगी पडतील अशा औषधांना मुदत असते आणि ती मुदत रिपोर्ट हातात येतो तेव्हापासून नाही, पहिल्या लक्षणापासून मोजतात.

बाबांचं काय झालं ते तुला अर्धवटच माहितीये. घसा धरला त्या दिवशीच घरी किट लावलं, एकच रेघ आली, सी ची, म्हणजे निगेटिव्ह. सगळ्यांना हायसं वाटलं, ताई म्हणाली हवा बदललीये म्हणून असेल. ताप मात्र उतरेना, मग परत किट केलं तर टी ची रेघ आली पण इतकी फिकट की उजेडात धरून बघावी लागली आणि घरात चर्चा सुरू, ही धरायची की नाही. अरे धरायची! कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच, फक्त किटवर लिहिलेल्या वेळात उमटलेली हवी, कुणी तासाभराने उचलून बघितलं आणि त्यात काहीतरी दिसलं तर त्याला अर्थ नाही.

पहिली टेस्ट चुकली असं पण नाही बरं का. रॅपिड किट विषाणूचं प्रोटीन शोधतं आणि ते नाकात बऱ्यापैकी साचल्याशिवाय रेघ येत नाही, लक्षणं मात्र हल्ली त्याच्या आधीच सुरू होतात. म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्टवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की लक्षणं असतील आणि किट निगेटिव्ह आलं तर ४८ तासांनी परत करा, लक्षणं नसतील तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीन वेळा करा. काकूंच्या बाबतीत मी तर ४८ तास पण थांबणार नाही, ताप असेल आणि किट निगेटिव्ह असेल तर सरळ आरटी-पीसीआर करून घे, ती अगदी थोडा विषाणू असला तरी पकडते. मात्र बरं झाल्यावर पीसीआर करून बघायच्या फंदात पडू नकोस, ती नंतर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात उगाच घबराट होते.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, त्रास कुठल्या दिवशी सुरू झाला आणि बाबा रोज कुठल्या गोळ्या घेतात. पहिल्याचं उत्तर होतं. दुसऱ्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. बाबांना रंग माहिती, सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, आईला डबे माहिती, जुन्या कागदावरचा डोस मध्ये कुणीतरी बदललेला. ताई स्ट्रिप्सचे फोटो काढतेय, मी नावं वाचतोय, आणि बाबा तिकडे तापाने ग्लानीत. हे सगळं कशासाठी, तर डॉक्टरांच्या मनात पॅक्सलोविड हे कोविडवरचं औषध होतं. त्यात दोन औषधं असतात, निर्माट्रेलविर विषाणूला वाढू देत नाही आणि रिटोनाविर लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवून ठेवतं म्हणजे पहिलं औषध शरीरात जास्त वेळ टिकतं. पण तेच एन्झाइम बाकीच्या कितीतरी गोळ्या पण मोडत असतं, ते अडवलं की त्या गोळ्या रक्तात साठायला लागतात. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी तेवढ्यापुरती बंद केली, रक्त पातळ करायच्या गोळीसाठी डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं. किडनीचा जुना रिपोर्ट पण मागितला, कारण किडनी कमी चालत असेल तर याचा डोस कमी करतात. आणि हा कोर्स ५ दिवसांचा, तो लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत चालू करावा लागतो, मग सांग, टेस्ट टाळण्यात आणि डबे शोधण्यात किती वेळ घालवायचा?

बाबांच्या तोंडाला कोर्सभर कडू चव होती, चिडचिड खूप केली त्यांनी, पण पूर्ण केला. तू विचारशील मला का नको हे औषध. त्या औषधाच्या मूळ चाचणीत लस न घेतलेले पण धोका जास्त असलेले लोक होते, त्यांच्यात ३ दिवसांच्या आत सुरू केलं तर दवाखान्यात भरती किंवा मृत्यूचं प्रमाण ८९ टक्क्यांनी घटलं. आपल्यासारख्या धडधाकट, लस घेतलेल्यांमध्ये तसा ठळक फायदा दिसला नाही. तुमच्याकडे ते मिळतं का, आणि काकूंना चालत नसेल तर दुसरं काय (रेमडेसिविर हे विषाणूवरचं दुसरं औषध लवकर दिलं तर ३ दिवस शिरेतून देतात), हे काकू ठणठणीत असतानाच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेव.

आणि एक, कुणी पहिल्याच दिवशी स्टेरॉइड लिहून दिलं तर का म्हणून विचारायचं. ओळखीतल्या एकांचं असंच झालं, ऑक्सिजन व्यवस्थित होता तरी गोळ्या सुरू केल्या आणि शुगर इतकी वाढली की आजारापेक्षा तेच निस्तरत बसावं लागलं, मला अजून वाईट वाटतं त्यांचं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने खरंच जीव वाचवले, २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीतून कळलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. पण त्याच चाचणीत ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देत होते त्याचंही तसंच, लोकांनी रात्र रात्र फोन फिरवले त्यासाठी, आणि त्याच चाचणीत पुढे निघालं की त्याने मृत्यू कमी होत नाहीत.

ऑक्सिमीटर असेल तर काकूंचा आकडा आत्ता, बऱ्या असताना बघून लिहून ठेव, नेलपॉलिश असेल तर काढून. कातडी सावळी असेल तर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, अमेरिकेत अभ्यास झालाय त्याच्यावर. त्यामुळे ९५ दिसतंय म्हणून निवांत बसायचं नाही, नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली घसरतंय का ते बघायचं, आणि धाप लागत असेल तर आकडा काहीही असो, दवाखाना.

लसीबद्दल माझं मत, द्यायची. आधीच्या डोसचं संरक्षण कमी होत जातं, विषाणू बदलतो, त्यांच्या वयाला तेच महाग पडतं. काकूंना कुणीतरी हार्टचं सांगून घाबरवलंय म्हणालास, तर त्यांना खोटं आहे असं सांगू नकोस. एमआरएनए लसीनंतर (फायझर, मॉडर्नाच्या) हृदयाच्या स्नायूला सूज येते हे खरंय, पण क्वचित, आणि ती मुख्यतः तरुण मुलांमध्ये, दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या ते पण खरं. हे लपवलं म्हणूनच लोकांचा विश्वास उडाला असं मला वाटतं. काकूंच्या वयात कोविडनेच हृदयाला धोका जास्त आहे, हे शांतपणे सांगितलं तर त्या ऐकतील, त्या समजूतदार आहेत.

फक्त डोसच्या आधी संधिवाताच्या डॉक्टरांना विचार. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीने लसीचा परिणाम कमी होतो, बूस्टरनंतर ती २ आठवडे थांबवली तर अँटीबॉडी जवळपास दुप्पट बनल्या असं ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं, पण काहींचे सांधे त्या काळात जास्त दुखले. काकूंचे गुडघे बघता थांबवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवू दे, तुम्ही घरच्या घरी बंद करू नका.

आज रात्री त्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांड, फोटो काढ, कुठली कधी घेतात ते लिही आणि मला पण पाठव. डॉक्टरांची वेळ मिळाली की कळव, तुला जमत नसेल तर मी येतो काकूंबरोबर.

तुझा,
विन्या

ता.क. किटच्या डब्यावरची एक्सपायरी बघ, तुझ्याकडचे जुने आहेत बहुतेक.