वहाळाकाठच्या बेडकाला नाव हवं आहे

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं आवाहन

सर्व ग्रामस्थ, कामानिमित्त बाहेरगावी असलेली आपली माणसं आणि सह्याद्रीच्या रानावर जीव असलेले सगळे, यांना सप्रेम नमस्कार.

राईच्या खालच्या अंगाला, वहाळाच्या काठी, एक बेडूक ओरडतो. आकाराने अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. मृगाचा पाऊस लागला की काळोख पडल्यावर तो कमरेएवढ्या उंचीच्या पानावर येऊन बसतो, टिक् टिक् टिक् असा आवाज काढतो, जरा थांबतो आणि शेवटी एक लांब किर्र करून गप्प होतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हा आवाज लहानपणापासून ऐकलेला आहे आणि बहुतेकांनी तो किड्याचा समजून सोडून दिलेला आहे. लोक जैवविविधता नोंदवही भरण्यासाठी आम्ही वाडीवाडीत फिरत होतो, तेव्हा एका काकींनी सांगितलं, "तो किडो न्हय, पानावरचो बेडूक तो. बॅटरी मारलास काय गप रवता." त्या रात्री आम्ही बॅटरी न मारता तासभर उभे राहिलो आणि मग तो दिसला.

शाळेतल्या मुलांनी मोबाईलवर त्याचा आवाज घेतला. तो बेडकांवर काम करणाऱ्या अभ्यासकांकडे गेला. पहिल्या पावसाळ्यात ते दोन रात्री येऊन गेले, दुसऱ्या पावसाळ्यात आठ रात्री राहिले. त्यांचं म्हणणं असं की हा झुडपी बेडकांपैकी आहे, पण आजवर वर्णन झालेल्या कुठल्याही जातीशी नीट जुळत नाही. तो विज्ञानाला नवा असावा.

'असावा' हा शब्द आम्ही जपून वापरतो आहोत. खात्री करायला अजून दोन पावसाळ्यांचं काम शिल्लक आहे, आणि त्या कामासाठी पैसे, माणसं आणि थोडी जमीन हवी आहे. म्हणून हे पत्र.

बेडकाला नाव देणं म्हणजे बाळाच्या कानात कुर्रर्र करण्याइतकं सोपं नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि ते १७५८ सालापासूनची नावं धरतात. नव्या जातीचं वर्णन छापताना ती आधीच्या जातींहून कुठे आणि कशी वेगळी आहे ते दाखवावं लागतं, आणि एक नमुना कायमचा नेमून द्यावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तरी तो नमुना काढून पाहता आला पाहिजे. आपला बेडूक ज्या राओर्केस्टीस या गटातला दिसतो, त्यात साठाहून अधिक जाती आहेत आणि पुष्कळशा एकमेकींसारख्या दिसतात. (या गटाला हे नाव २०१० साली मिळालं, सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ. दक्षिण भारतातल्या बेडकांवर त्यांनी १९३७ साली मोठं काम प्रसिद्ध केलं होतं.) कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून १९१९ साली वर्णन झालेला बॉम्बेएन्सिस आहे. महाराष्ट्रातूनच २०१३ साली वर्णन झालेला घाटेई आहे, ज्याला पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचं नाव दिलं आहे. आपला बेडूक यांच्यापैकी कोणी नाही हे आधी सिद्ध करायचं आहे.

ते कसं करतात हे आम्हीही या दोन वर्षांत शिकलो, आणि ते सांगायला हवं, कारण तुमचे पैसे तिथेच लागणार आहेत.

पहिली गोष्ट आवाज. झुडपी बेडकांत रंगरूप फसवतं. एकाच जातीचा एक नर पिवळट असतो, दुसरा तपकिरी. पण प्रत्येक जातीच्या नराची हाक ठरलेली असते, कारण मादी तीच ओळखून येते. मात्र थंडी-उष्म्याप्रमाणे हाकेचा वेग बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी हवेचं तापमान आणि दमटपणा मोजून लिहावा लागतो, आणि तोही नर जिथे बसला आहे तिथला. मोबाईलचा माइक सुरुवातीला पुरला, आता पुरत नाही. वहाळाचा खळखळाट आणि पावसाची सर यांतून एकाच बेडकाचा आवाज वेगळा काढायला चांगला दिशादर्शी माइक आणि रेकॉर्डर लागतो. अभ्यासक स्वतःचं यंत्र आणतात, पण ते असतात मोजक्या रात्री. बेडूक ओरडतो जून ते सप्टेंबर. उरलेल्या रात्रींचं काम गावातल्या तरुणांनी करायचं ठरवलं आहे आणि त्यासाठी समितीचा स्वतःचा एक संच हवा.

दुसरी गोष्ट मापं. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोळ्यांतलं अंतर, कानाच्या पडद्याची रुंदी, बोटांच्या टोकांवरच्या चकत्या, पायाच्या बोटांमधला पडदा कुठवर आहे, अशी पंचवीस-तीस मापं मिलिमीटरच्या अंशात घ्यावी लागतात. जिवंतपणीचा रंग त्याच रात्री टिपून ठेवावा लागतो, कारण अल्कोहोलमध्ये तो उडतो.

तिसरी गोष्ट जनुकांची. ऊतीचा कणभर तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे सोळा-एस नावाच्या जनुकाची अक्षरं वाचून ती इतर जातींच्या अक्षरांशी ताडून पाहतात. हे काम पैसे भरून करून घ्यावं लागतं. आणि जुन्या जातींचे मूळ नमुने पाहायला जावं लागतं. त्यांतले बरेच कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत आहेत, काही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. लंडनच्या नमुन्यांची छायाचित्रं मागवता येतील, पण कोलकात्याला एकदा तरी जायलाच हवं.

ग्रामसभेत एक प्रश्न आला होता आणि तो योग्यच होता. बेडूक वाचवायचा तर त्याला मारायचं कशाला? आम्हालाही हे जड गेलं. राईतला जीव आपण उगाच मारत नाही. पण होलोटाइपशिवाय दिलेलं नाव टिकायला कठीण, आणि नुसत्या फोटोवरून कातडीखालचं काही कळत नाही. म्हणून वनविभागाच्या परवानगीने मोजकेच नर घेतले जातील, ते भूल देऊन, आणि जिथे दाट संख्या आहे तिथूनच. एकही मादी घ्यायची नाही अशी अट समितीने घातली आणि अभ्यासकांनी ती मान्य केली. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नव्या जातीचा नमुना मान्यताप्राप्त भांडारात जमा करावा लागतो. तो देशात, सर्वांना पाहता येईल असा राहील. कोणाच्या कपाटात जाणार नाही.

आता हे सगळं करायचं कशासाठी, ते. हिरण्यकेशीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. आंबोलीला या नदीच्या उगमाजवळच्या कुंडातला इवलासा मासा पूर्वीही तिथेच होता. २०२० साली त्याचं वर्णन झालं, शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव पडलं, आणि २०२१ साली ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. आंबोलीच्याच कातळावरच्या भेकाला २००९ साली स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. आज तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे, म्हणून पावसाळ्यात रस्त्यावर गाडीखाली येणाऱ्या भेकांबद्दल कोणीतरी बोलतं तरी. नाव नसलेल्या प्राण्याला कुठल्याच यादीत जागा नसते. उद्या राईशेजारून रस्ता किंवा खाण निघाली आणि आपण म्हणालो की इथे एक वेगळा बेडूक आहे, तर पहिला प्रश्न येईल, कोणता? त्याला आज आपल्याकडे उत्तर नाही.

आणि उशीर परवडत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नवी जात पहिल्यांदा हाती लागल्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. नमुने बरण्यांत पडून राहतात, माणूस मिळत नाही, पैसा मिळत नाही. कोस्टा रिकामधल्या माँतेवेर्देच्या ढगांतल्या रानात सोनेरी भेक होता. १९६०च्या दशकात त्याचं वर्णन झालं आणि १९८९ नंतर तो कोणालाही दिसलेला नाही. २०२३ साली जगभरातल्या उभयचरांची जी मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे ४१ टक्के जाती संकटात असल्याचं आढळलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढी वाईट अवस्था दुसऱ्या कुठल्या गटाची नाही.

आपल्या बेडकाचं गणित तर आणखी नाजूक. झुडपी बेडकाची मादी पाण्यात अंडी घालत नाही. ती ओल्या पानांवर, पाचोळ्यात घालते. त्यातून शेपटीवाली पिल्लं निघत नाहीत, अंड्याच्या आतच सगळी वाढ होऊन थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. म्हणजे याला डबकं नको, पण आठवडेच्या आठवडे न सुकणारं पान हवं. वरची सावली गेली, ऊन खाली पोचलं, की वहाळ भरून वाहत असला तरी अंडी सुकतात. काजू-रबराच्या लागवडीसाठी रान साफ केलेल्या दोन ठिकाणी आम्ही मुद्दाम ऐकत उभे राहिलो. पाणी होतं, बेडूक नव्हता.

म्हणून पैशांच्याही आधीची मागणी जमीनमालकांकडे आहे. कोकणच्या उतारावरचं बरंचसं रान मालकीचं आहे, सरकारी नाही, आणि या वहाळाची एक बाजूही तशीच. ज्यांची जमीन काठाला लागून आहे त्यांनी आपल्या तीरावरचा वीस पावलांचा पट्टा निदान दोन वर्षं तोडू नये, तिथला पाचोळा पेटवू नये आणि तणनाशक मारू नये, अशी हात जोडून विनंती आहे. तुमचा हक्क कुठे जात नाही, सातबाऱ्यावर कसलाही शेरा येत नाही. तोंडी शब्द दिलात तरी आम्हाला पुरे. तीन घरांनी तो दिलाही आहे.

देणगी यासाठी हवी आहे: रेकॉर्डर आणि माइक, तापमान-दमटपणा मोजायचं यंत्र, मापं घ्यायचा डिजिटल कॅलिपर, प्रयोगशाळेचं शुल्क, कोलकात्याचा प्रवास, आणि रात्री काम करणाऱ्या सहा तरुणांचा विमा. हे शेवटचं कोणी विचारत नाही, पण फुरशांच्या मुलखात भर पावसाळ्याच्या रात्री मुलांना वहाळात पाठवताना आम्हाला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्यांना वस्तूच द्यायची आहे त्यांनी आधी समितीशी बोलावं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा येणार नाही. पैसे फक्त समितीच्या स्थानिक जैवविविधता निधीत, पावती घेऊन. कोणा सदस्याच्या हातात किंवा मोबाईलवर देऊ नयेत. हिशेब दर ग्रामसभेत वाचला जाईल आणि फलकावर लागेल.

एका गोष्टीला मात्र आम्ही नकार दिला आहे आणि तो इथे नोंदवतो. मोठी रक्कम देऊन बेडकाला आपल्या घराण्याचं नाव लावण्याची इच्छा कोणी कळवली होती. भावना वाईट नव्हती. पण नाव सुचवण्याचा अधिकार वर्णन लिहिणाऱ्यांचा आहे, आणि समितीने त्यांना एवढीच विनंती केली आहे की ते इथल्या भाषेतून किंवा इथल्या जागेवरून यावं. आंबोलीच्या एका बेडकाचं नाव चिरावासी आहे. कर्नाटकात अंड्यांवर चिखल लिंपणाऱ्या बेडकाला २०१४ साली कुंबारा म्हटलं, म्हणजे कानडीत कुंभार. अशी नावं ऐकून त्या त्या गावच्या पोरांनाही तो बेडूक आपला वाटत असेल.

शेवटी तुलना पूर्ण झाल्यावर हा बेडूक जुन्याच एखाद्या जातीचा निघाला, तर? तसं होऊ शकतं. तेव्हाही त्या जातीचा इथला पहिला पक्का पुरावा, हाकेच्या नोंदी आणि दोन पावसाळ्यांचं निरीक्षण आपल्या नोंदवहीत राहील, आणि यंत्रं पुढच्या कामाला गावातच राहतील. ही शक्यता लक्षात घेऊनच देणगी द्यावी.

हे पत्र बाहेर जाणार आहे, म्हणून राईचं, वहाळाचं आणि गावाचं नाव यात मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांच्या हाती ते पोचेल त्यांनीही जागेचा फोटो किंवा नकाशा कुठे टाकू नये. वर्णन छापून येण्याआधीच बेडूक पकडायला, विकायला किंवा फोटोसाठी पानं तोडून त्याला उघड्यावर बसवायला लोक येतात. दुसरी भीती रोगाची. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीत वाढते. तिच्यामुळे जगात किमान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नाहीशा झाल्याचा अंदाज २०१९ साली मांडला गेला. पश्चिम घाटातही तिची नोंद आहे. एका ओढ्याचा चिखल बुटाला लागून दुसऱ्या ओढ्यात जातो तेव्हा तीही जाऊ शकते.

मृग लागल्यावर पहिल्या चांगल्या पावसापासून सलग पंधरा रात्री ऐकण्याची पाळी सुरू होईल. रात्री साडेसात ते अकरा, एका वेळी चारच माणसं. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपलं नाव आणि सोयीची रात्र समितीच्या सचिवांकडे ग्रामपंचायतीत द्यावी. शाळकरी मुलांबरोबर घरचं मोठं माणूस हवं. गमबूट धुऊन, पूर्ण वाळवून आणावेत. बॅटरीवर लाल कागद लावायचा आहे, तो आम्ही देऊ. आणि वहाळ ओलांडल्यावर कोणी बोलायचं नाही.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य
जैवविविधता व्यवस्थापन समिती